हिरव्यात माणूस नको

तोंडातली बी कुठे टाकायची, हा प्रश्न मिस्टर वेटरिंगला पंचाहत्तर वर्षांत एकदाही पडला नसावा. लिचीच्या जातीचे रंबुतान सोलून त्याच्यापुढे ठेवलेले असायचे. तो एकेक तोंडात टाकायचा, डोळे समोरच्या कॅनव्हासवर, आणि बी जिभेवर सुटी झाली की मान नुसती डावीकडे वळवायचा. तिथे मिनाहचा तळहात आलेला असायचा. त्यात हा बी टाकायचा, थुंकीसकट, आणि पुढच्या फळाकडे वळायचा. मिनाह त्याच्या घरी राहून काम करणारी बाई, वय त्रेपन्न, गावाकडे दोन नातवंडं. कामाच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

वयानं माझ्या वडिलांएवढा माणूस, त्यातून चित्रकार. त्याच्याविषयी अहो-जाहो करून लिहावं हे मला कळतं. आमच्या घरी रद्दीवाला आला तरी 'या, बसा' व्हायचं. पण या एका माणसापुरती माझी जीभ वळत नाही, आणि आता मला ती वळवायचीही नाही.

तो डच होता, म्हणजे पासपोर्टानं. जन्मला जावा बेटावर, चहाच्या मळ्यात. बाप तिथला मॅनेजर. डचांचं राज्य गेलं तेव्हा हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. मग हॉलंड, तिथे चित्रकलेचं शिक्षण, एक लग्न, ते मोडलं, आणि उतारवयात सिंगापूर. जावातच का नाही राहिलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, 'तिथे आता फार माणसं झालीत.' इथे बसून तो एकच गोष्ट रंगवायचा, त्याच्या लहानपणची जावा. निळा डोंगर, पायथ्याशी भाताची खाचरं, एका बाजूला नारळ, एका बाजूला गुलमोहर, पाण्यात ढगाचं प्रतिबिंब. हॉटेलांच्या जिन्यांत, निवृत्त गोऱ्या साहेबांच्या दिवाणखान्यांत ती चित्रं लागलेली असायची. लोक पुढे उभे राहून 'काय शांतता आहे' म्हणायचे. शांतता असणारच. चित्रात चिटपाखरू नसायचं.

आम्ही पुण्याहून आलो ते दोन हजार चार साली. नवऱ्याची, श्रीकांतची, नोकरी बुओना व्हिस्टाच्या एका आयटी कंपनीत, आणि भाडं परवडावं म्हणून घर पार वुडलँड्सला. लेक इरा शाळेत जायला लागली आणि मी फ्लॅटच्या भिंतींकडे बघत बसायला लागले. मी माहेरची कोल्हापूरची, जी.डी. आर्ट, नऊ वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली. रंगांच्या दुकानात एक चिठ्ठी लावलेली दिसली: 'चित्रकाराला मदतनीस हवी. कॅनव्हास ताणता आला पाहिजे. बडबडी नको.' ते ऐकून श्रीकांत म्हणाला, 'मग तुला कोण घेतंय.' पण घेतलं. मी ताणलेल्या कॅनव्हासवर वेटरिंगनं टिचकी मारून पाहिली, तो ढोलकीसारखा वाजला, आणि म्हणाला, 'सोमवारपासून ये.'

बुओना व्हिस्टाच्या मागे ब्रिटिश लष्कराच्या काळातल्या जुन्या बसक्या इमारती आहेत. त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर तो राहायचा आणि तिथेच चित्रं काढायचा. बाहेर इतकी झाडी, की खिडकी उघडली तर फांदी आत यावी. पण खिडकी उघडायची नाही. पडदे बंद, दिवे पांढरेफेक, एसी अठरावर, आणि आत हा लोकरीचा स्वेटर घालून उष्ण कटिबंध रंगवतोय. घामाचा त्याला तिटकारा होता. आईनं निघताना मला एक शाल दिली होती, सिंगापुरात शाल कशाला म्हणून मी तिला हसले होते. तीच शाल पांघरून मी दोन वर्षं त्याचे कॅनव्हास ताणले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

उजेडही चुकीचा असायचा. भर दुपारची जावा, सूर्य डोक्यावर, सावली झाडाच्या पायाशी पडायला हवी. याच्या नारळांच्या सावल्या लांबच लांब, तिरप्या, हॉलंडातल्या संध्याकाळी पडत असतील तशा. एकदा न राहवून मी म्हणाले, 'सर, बारा वाजता सावली एवढी लांब नसते.'

'मिसेस पी.,' तो म्हणाला, 'मी तिथे जन्मलोय.' पाटणकर म्हणणं त्याला जमायचं नाही, म्हणून मी मिसेस पी. बाहेर त्याच वेळी बारा वाजले होते. पडदा सरकवून दाखवावं असं मनात आलं, पण दाखवलं नाही. माझा सगळा शहाणपणा मनातल्या मनात.

आणि तरी हात होता. हे लिहिताना माझेच दात आंबतात, पण खोटं लिहिणार नाही. ओल्या रंगावर वाढवलेल्या करंगळीच्या नखानं एक ओरखडा ओढला की भाताचं पातं उभं राहायचं. हिरवा रंग तर त्याच्याइतका कुणाला कळलेला मी पाहिला नाही. माणसंही उत्तम यायची त्याला. एकदा फोनवर बोलता बोलता त्यानं रद्दी कागदावर मिनाहची पाठ काढली, वाकून फरशी पुसणारी. सात-आठ रेषा असतील, पण खांद्यातला शिणवटा सगळा त्यात उतरला होता. मला वाटलं, हा कागद मागून घ्यावा. फोन ठेवला आणि त्यानं त्याच कागदाला ब्रश पुसला. अडाणी माणसाला माफ करता येतं हो. याला दिसत होतं.

'माणसानं हिरवा बिघडतो,' हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. पाहुण्यांना ऐकवायचा, मला ऐकवायचा, कॅनव्हाससमोर एकटाच असला तरी पुटपुटायचा. आणि नुसतं बोलून थांबायचा नाही. त्याची कामाची पद्धतच तशी होती. बापानं मळ्यावर काढलेल्या फोटोंचे तीन जाड अल्बम त्याच्या कपाटात कुलपात असायचे. नवं चित्र सुरू करायचं की त्यातला एक फोटो काढायचा, काचेवर ठेवायचा आणि कटरनं त्यातली माणसं कापून टाकायची. चहा खुडणाऱ्या बाया, साहेबावर छत्री धरणारा, घोडा धरून उभा असलेला. नखाएवढी माणसं, पण त्यांच्या कडेकडेनं तो इतक्या हळुवार हातानं ब्लेड फिरवायचा, की बघणाऱ्याला वाटावं, जपून ठेवायला काढतोय. मग भोकं पडलेला फोटो बोर्डावर लावायचा आणि तो बघून कॅनव्हास रंगवायचा. भोकांच्या जागी झुडपं यायची. 'ती मध्ये असली की नजर डोंगरापर्यंत पोचत नाही,' म्हणायचा. कापलेली माणसं टेबलाखालच्या टोपलीत. मळा त्या बायांनी उभा केला आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा त्यांनाच केरात घालत होता.

कटरचं टोक बोथट झालं की ते मोडून नवं पुढे काढायचं काम माझं. मी ते वेळच्या वेळी करायचे. कामात मी चोख आहे.

इराला एकदा सुट्टी होती म्हणून बरोबर नेली. ती एका मोठ्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, 'व्हाय नोबडी वन, आई? पब्लिक हॉलिडे आह?' वेटरिंग खूश होऊन हसला. त्याला ती स्तुती वाटली.

बाहेर जाऊन चित्र काढायला आम्ही एकदाच गेलो. एका हॉटेलला सिंगापूरचं दृश्य हवं होतं. तलावाकाठी मी त्याचा स्टँड लावला, छत्री लावली. समोर पिवळं जाकीट घातलेला एक बांगलादेशी कामगार मशिननं गवत कापत होता. 'त्याला हटव,' वेटरिंग म्हणाला. मी गेले, हिंदीत सांगितलं. तो बिचारा लगेच हटला. मग फांदीवर टांगलेलं त्याचं जाकीट खुपायला लागलं. मी पुन्हा गेले. मग झाडाखालचा त्याचा डबा. डबा उचलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. तासाभरानं जेवण झाल्यावर तो आमच्या मागे येऊन उभा राहिला आणि चित्र बघून मला म्हणाला, 'घास तो हमने काटा, मॅडम. अच्छा दिख रहा है.'

'काय हवंय त्याला?' वेटरिंगनं विचारलं.

'गवत चांगलं आलंय म्हणतोय.'

'आलंच आहे,' वेटरिंग म्हणाला आणि मागे वळूनही न बघता रंगवत राहिला. घरी येऊन मी श्रीकांतला हे रागारागानं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, 'पण त्याला हटवायला गेलं कोण?'

आता मिनाहविषयी सांगते, कारण तिच्यावाचून हा माणूस पुरता कळणार नाही. मलयमध्ये थोरल्या बहिणीला काका म्हणतात. बाईमाणसाला काका म्हणायला मला कसंसंच व्हायचं, म्हणून मी मिनाहताई म्हणायला लागले आणि तिनं ते चालवून घेतलं. ती मला 'आदिक' म्हणायची, म्हणजे धाकटी. तिची मोडकी इंग्रजी आणि माझी बाजारात शिकलेली मलय, एवढ्यावर आमचं छान जमलं होतं. वेटरिंगला ती 'तुआन' म्हणायची. तुआन म्हणजे मालक, साहेब. सोळा वर्षांत त्यानं एकदाही म्हटलं नाही की बाई, ते दिवस गेले, मला नावानं हाक मार.

मिनाहची आई एनोह ही त्याची दाई. त्याच मळ्यावर विशीची पोर असताना तिनं याला खांद्यावर वाढवला. मोठेपणी हा जावात गेला तेव्हा चौकशी करत तिच्या गावात पोचला. एनोह कधीच वारली होती. तिची मुलगी मिळाली, तिला हा कामाला घेऊन आला. पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचा, 'हिच्या आईनं मला भरवलं, ही मला भरवते.' एनोह हे नाव मला मिनाहकडून कळलं. त्याला ते ठाऊक नव्हतं. तो तिला 'बाबू' म्हणायचा. डचांच्या घरी सगळ्याच दायांना बाबू म्हणत.

आई गेली तेव्हा मिनाह अकरा वर्षांची होती. गावात कुणाचेच फोटो नसत, तिचाही नव्हता. साऱ्या जगात एनोहचा एकच फोटो होता, वेटरिंगच्या दुसऱ्या अल्बममध्ये. मार्च महिन्यात त्याचा वाढदिवस असायचा. त्या दिवशी तो पाहुण्यांसमोर अल्बम उघडायचा आणि मिनाह हातात ट्रे घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची. त्या पानावर तो जितका वेळ थांबेल, तितका वेळ तिला आई दिसायची. वर्षातून एकदा.

'आवाज आठवतो, आदिक,' ती मला म्हणाली होती. 'चेहरा नाही. मार्चमध्ये बघते, घट्ट धरून ठेवते, पण वर्ष सरेपर्यंत पुसट होतो.'

पहिल्या वाढदिवसाला मीही तो फोटो पाहिला. मळ्यावरच्या बंगल्याचा व्हरांडा, मागे डोंगर. कठड्यावर तीन वर्षांचा वेटरिंग, पांढरा सदरा घालून बसलेला. शेजारी एनोह. तिचा डावा हात पोराच्या कमरेभोवती, आणि ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. ती बघतेय त्याच्या पायांकडे, घसरेल की काय म्हणून. मिनाहचीच हनुवटी, मिनाहचेच पुढे आलेले कान.

त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, मिनाहनं धीर करून सांगितलं की पुढच्या वर्षी ती कायमची गावी जाणार, मुलानं घर बांधलंय. आणि जाताना तिला तो फोटो हवाय. दुसरं काही नको.

'हा एवढासा?' वेटरिंग म्हणाला. 'अगं, मी तुला रंगवून देतो. एवढा मोठा. ती माझी भेट.' त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. मिनाहनं त्याचा हात उचलून कपाळाला लावला. ती रडत होती. मी म्हणाले, 'सर, तासाभरासाठी द्या, मी त्याची एक कॉपीही करून आणते.' तो म्हणाला, 'अल्बम घराबाहेर जात नाही.' मग स्वयंपाकघरात मी मिनाहला म्हटलं, कधी कपाट उघडं दिसलं तर मी फोननं गुपचूप काढून घेते. ती म्हणाली, 'त्यांनी शब्द दिलाय. पाठीमागून घेतलं तर ती चोरी.'

पुढच्या रविवारी आम्ही दोघी लिटिल इंडियात गेलो. मला पोहे हवे होते. तिथल्या रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात तिनं एक फ्रेम घेतली, वीतभर, सोनेरी वेलबुट्टीची. मोठं चित्र घराच्या भिंतीवर लागेल, म्हणाली, त्याचा छोटा फोटो काढून या फ्रेममध्ये, उशाशी. वर्षभर ती रिकामी फ्रेम तिच्या खोलीत फळीवर होती. ती तिची धूळ पुसायची.

त्या वर्षात एका दुपारी वेटरिंग आपणहून युद्धाच्या आठवणी सांगायला लागला. जपान्यांनी जावा घेतली आणि डच लोकांना छावण्यांत कोंडलं, तेव्हा हा बारा वर्षांचा. आई बरोबर होती, ती तिथेच तापानं गेली. हे सांगताना त्याचा ब्रश थांबला होता. मग म्हणाला, 'पण छावणीतून डोंगर दिसायचा. आणि कुंपणावरून खाणं यायचं. केळीच्या पानात बांधलेली रताळी.'

'कुणाकडून?' मी विचारलं.

'यायचं,' तो म्हणाला.

उरलेली गोष्ट मला स्वयंपाकघरात कळली. एनोह मळ्यावरून दिवसभर चालत जायची आणि पहाटे कुंपणापाशी जाऊन पुडकं आत टाकायची. तिसऱ्या खेपेला सापडली. शिपायानं बंदुकीच्या दस्त्यानं तिचं डावं मनगट मोडलं. ते नीट जुळलंच नाही. 'आई भात वाढायची तेव्हा हात असा वळायचा,' मिनाहनं आपला हात वाकडा करून दाखवला.

मी हे सगळं कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, बिचाऱ्यानं लहानपणी किती सोसलं, समजून घ्या. घेतलं की समजून. आई गमावलेलं पोर डोळ्यांपुढे आणलं, रडायलाही आलं. पण ज्या बाईनं त्याला जगवलं ती त्याच्या चित्रात सोडा, त्याच्या बोलण्यातसुद्धा नाही, हे आठवलं की पुन्हा नळ सोडून उभं राहावंसं वाटतं. समजून घेतल्यानं किळस जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तो रंबुतानचा कार्यक्रम बघायला हवा होता.

पुढच्या मार्चमध्ये एका बँकेच्या लॉबीत त्याचं प्रदर्शन लागलं. मिनाहच्या चित्राचं काम त्यानं रविवारी, मी नसताना केलं होतं आणि फोटोच्या बोर्डासकट कापड टाकून झाकून ठेवलं होतं. 'तिथेच बघायचं,' त्यानं तिला सांगितलं होतं. ती नवा केबाया, त्यांच्याकडचा लांब ब्लाउज, घालून आली, मोतिया रंगाचा, छातीशी तीन पिना, केसांना तेल. पर्समध्ये ती फ्रेम होती. मी तिला हाताला धरून नेलं.

चित्र चार फुटी होतं. व्हरांडा, मागे डोंगर, कठड्यावर पांढऱ्या सदऱ्यातला मुलगा, ओल्या सकाळचा उजेड. मुलाच्या शेजारी नेच्याची एक मोठी कुंडी. मिनाह पुढे सरकली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग हळूच मला विचारलं, 'कुठल्या बाजूला आहे, आदिक?'

तेवढ्यात वेटरिंगच आला, हातात वाइनचा ग्लास. 'पाहिलंस, मिनाह? तुझ्या आईचा व्हरांडा. ती फरशी बघ. किती स्वच्छ ठेवायची ती.'

'तेरिमा कासी, तुआन,' मिनाह म्हणाली. तिनं आभार मानले त्याचे.

चित्राखाली लाल टिकली लागली होती, म्हणजे ते विकलं गेलं होतं. मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. मुलाच्या सदऱ्यावर, कमरेपाशी, चार तपकिरी फटकारे होते. त्यानं ते कापडाच्या चुण्यांसारखे केले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जाऊन आधी बोर्डाकडे गेले. फोटो तिथे होता. एनोहच्या जागी तिच्याच आकाराचं भोक. पोराच्या कमरेवरची चार बोटं तेवढी उरली होती, कारण ती कापायला गेलं असतं तर ब्लेड मुलाच्या अंगाला लागलं असतं. मी टेबलाखालची टोपली ओढली. रिकामी होती. मिनाह दारात उभी होती. 'मीच रिकामी केली,' ती म्हणाली. 'रोज करते तशी. कचऱ्याच्या नळातून खाली गेलं सगळं.' हे सांगून ती बटाटे सोलायला गेली.

मी वेटरिंगपुढे जाऊन उभी राहिले. 'सर, तिची आई कुठाय?'

'अख्खं चित्र तिचंच तर आहे.'

'तिचा फोटो तुम्ही कापलात.'

'तिचा चेहरा खाली होता. चांगला आला नसता,' तो म्हणाला. 'आणि चित्राचं म्हणशील तर मिनाहला एक छापील प्रत देऊ.' त्याच दुपारी मिनाहनं उरलेला फोटो तरी द्या म्हणून विचारलं. तो म्हणाला, नाही, अल्बम त्याच्या आईनं जुळवलेला आहे, त्यातलं काही असं वाटून टाकता येत नाही. शिवाय त्याला त्यावरून आणखी एक मोठं चित्र करायचं होतं, बऱ्याच लोकांना आवडलं होतं ते.

शी. दुसरा शब्द मला सापडत नाही. आणि तो शब्द निम्मा माझ्या वाट्याचा. कारण त्यानं तो फोटो कापला त्याच्या आदल्या शनिवारी निघताना कटरचं टोक मोडून नवं मीच काढून ठेवलं होतं. सोमवारी येऊन बघते तर ते पुन्हा बोथट झालेलं. मी विचार न करता आणखी एक मोडलं.

मिनाह एप्रिलमध्ये गेली. विमान दुपारचं होतं, मी सकाळी आठलाच पोचले. वेटरिंग आत अंघोळ करत होता. मिनाह बोर्डापाशी उभी होती, प्रवासाचे कपडे घालून. 'आदिक,' ती म्हणाली, 'नवं ब्लेड दे.'

मी दिलं. कशाला, हे विचारलं नाही. तिनं फोटो काचेवर ठेवला, चष्मा लावला आणि भाजी निवडावी तितक्या शांतपणे पोराच्या कमरेवरची ती चार बोटं कापून काढली. तिळाएवढा तुकडा. सोळा वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून तिला ब्लेड कसं धरायचं हे आलं होतं. तुकडा तिनं आपल्या वर्क परमिटच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि अंगठ्यानं पाकीट दाबून बंद केलं.

'हात मोडायच्या आधीचा आहे,' ती म्हणाली.

फोटो पुन्हा बोर्डावर लावून तिनं तो सरळ केला. फ्रेम माझ्या हातात दिली, म्हणाली, याला ही फार मोठी होते. वेटरिंग बाहेर आला तेव्हा ती दाराशी बॅग घेऊन उभी होती. त्यानं तिला बिस्किटांचा डबा दिला आणि नवीन बाई येईपर्यंत फ्रीजमध्ये आईस्क्रीमच्या खोक्यांत काय काय करून ठेवलंय ते विचारून घेतलं. तिनं सगळं सांगितलं. मी टॅक्सीपर्यंत गेले.

मी वर आले तेव्हा तो नव्या चित्रासाठी बोर्डापुढे बसला होता. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्यानं फोटो काढून दिव्याखाली धरला, भिंग आणलं, पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं दगडासारखा राहिलेला माणूस, पण त्याच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं.

'मिसेस पी., हे बघ. तिनं मला कापलंय. इथे, कमरेत.' त्याच्या आवाजात लहान पोराची तक्रार होती. 'एवढासा मुलगा आहे तो. कठडा केवढा उंच आहे. पडेल ना तो. कुणी धरलेलंच नाही त्याला.'

'धरलं होतं, सर,' मी म्हणाले.

त्यानं भिंग खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

'कुणी?'

त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी पर्स उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरले. त्यानंतर मी त्याला पाहिलेला नाही.